सोयऱ्यानं नेमलेला मालक

सोयरा बसवायला आलेल्या मुलीनं त्या घरात एकच प्रश्न विचारला. "प्लग कुठाय?"

वृषालीनं टीव्हीमागचा प्लग दाखवला. मुलीनं भाकरीएवढी एक पांढरी चकती भिंतीला चिकटवली, वायर जोडली आणि पिशवीची चेन लावून ती निघालीसुद्धा.

"अगं, झालं?" कोचावर बसलेल्या अण्णांनी विचारलं. "पासवर्ड नको? मोबाइलवर तो आकडा येतो, तो सांगायचा नाही?"

"काही नको, आजोबा. तुम्ही नेहमीसारखं राहा. बोला, भांडा, जेवा, झोपा. तो ऐकत राहील, त्याचं त्याला कळेल."

"काय कळेल?"

"घर कोणाचं आहे ते," ती हसून म्हणाली आणि चपला घालून गेली.

अण्णा जगदाळे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. धुक्यानं भरलेल्या आंबा घाटात बिनधास्त गाडी घालणारा हा माणूस नव्या मोबाइलसमोर मात्र हात टेकायचा. 'सहमत आहे'वर बोट ठेवायचं की 'पुढे'वर, ह्यातच त्यांची दुपार जायची आणि शेवटी मोबाइल परत खोक्यात जायचा. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. पंखा, दिवा, दार, टीव्ही सगळं नुसत्या बोलण्यावर चालावं म्हणून सुनेनं सोयरा मागवला. सून वृषाली दूध संघात जनावरांची डॉक्टर, जयसिंगपूरच्या आसपासच्या गावांत तिची फिरती. मुलगा रणजित ट्रॅक्टरचं शोरूम चालवायचा. घरात हे तिघंच.

सोयरा बनवणाऱ्यांनी एक गोष्ट बरोबर हेरली होती. नवं यंत्र घरी आलं की साधी माणसं पहिल्या अर्ध्या तासातच हरतात. आणि त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न यंत्राबद्दलचा नसतोच. 'मुख्य वापरकर्ता कोण?' असं पडद्यावर आलं की लोक एकमेकांकडे बघतात आणि खोटं बोलतात. 'आमच्याकडे सगळे सारखेच,' म्हणतात. म्हणून सोयरा विचारतच नव्हता. त्याला कॅमेरा नव्हता. अगदी क्षीण रेडिओलहरी तो खोलीत सोडायचा आणि माणसांच्या अंगावर आपटून परत येणाऱ्या लहरींवरून प्रत्येकाचा श्वास, चाल, उठणं-बसणं टिपायचा. जोडीला आवाज ऐकायचा. मग त्याचं गणित सुरू व्हायचं. कोण बोललं की कोण उठतं, कोणाचं वाक्य कोण तोडतं, कोणासाठी कोण जेवायचं थांबतं. कळपात म्होरक्या कोण हे शोधायची जी रीत आहे, तीच इथे माणसांना लावली होती. त्यात संशोधकांना एक मोलाची खूण सापडली होती. घरातलं मानाचं माणूस बोलायला लागलं की इतरांचा श्वास क्षणभर थांबतो. ह्याला त्यांनी 'आदरविराम' असं नाव दिलं. विराम जितका लांब, तितका बोलणाऱ्याचा मान मोठा.

प्रयोगांत हे झकास चाललं. भीतीनंही श्वास थांबतो आणि जास्त वेळ थांबतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. प्रयोगाला आलेली कुटुंबं चारचौघांत चांगलीच वागत होती.

त्याच आठवड्यात, तिघं जेवायला बसलेले असताना चकतीवरचा दिवा हिरवा झाला.

"नमस्कार," सोयरा म्हणाला. आवाज गोड, घरातल्यासारखा. "माझी ओळख पूर्ण झाली. रणजितराव, आजपासून हे घर तुमच्या सांगण्याप्रमाणे चालेल."

रणजित मोठ्यांदा हसला. "बघा अण्णा! मशीनलासुद्धा कळतं."

अण्णा डाव्या हातानं भात कालवत राहिले. वृषालीही हसली. रणजित हसला की हसायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

रणजित मारायचा. रोज नाही. रोज मारत असता तर ती कधीच निघून गेली असती, असं तिला वाटायचं. मधे महिना महिना तो चांगला वागायचा, तिच्या गाडीत पेट्रोल भरून ठेवायचा, अण्णांना नेऊन दाढी करून आणायचा. मग एखाद्या दिवशी भाजीत मीठ कमी पडायचं, किंवा फोनवर ती एखाद्या शेतकऱ्याशी जरा हसून बोलायची. तिच्या कामामुळे त्याला एक सोयही झाली होती. डोळ्याखाली काळंनिळं दिसलं की ती दूध संघात सांगायची, "म्हशीनं शिंग मारलं." हात सुजला की, "खोंडानं लाथ घातली." जनावरांच्या डॉक्टरवर कोण शंका घेणार?

सुरुवातीला सोयरा खरोखरच कामाचा वाटला. अण्णा बसल्याजागी पंखा लावायचे, बातम्या ऐकायचे. मग एका सकाळी ते दाराशी गेले आणि म्हणाले, "दार उघड रे, पानपट्टीपर्यंत जाऊन येतो."

"रणजितरावांना विचारून सांगतो," सोयरा म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "ते नको म्हणतायत, अण्णा. तुम्ही पडाल अशी त्यांना काळजी वाटते."

अण्णा दाराकडे बघत उभे राहिले. आतून कडी काढायची सोय आता नव्हती, कुलूप सोयऱ्याच्या ताब्यात. दार, फाटक, खिडक्या, घरातलं इंटरनेट, आत रेंज नसल्यानं त्यावरूनच लागणारे फोन, सगळं एका चकतीत गोळा झालं होतं. अडचणीत फोन करायचा तरी सोयरा आधी मालकाला विचारायचा. म्हातारी माणसं चुकून भलतं बोलतात आणि उगाच पोलीस दारात येतात, म्हणून ती सोय होती.

वृषालीनं कामावरून कंपनीला फोन लावला.

"मालक बदलायचाय? सोपं आहे मॅडम," पलीकडचा मुलगा उत्साहानं म्हणाला. "मालकांनी फक्त तोंडानं सांगायचं."

"ते सांगणार नाहीत."

"मग काहीच करू नका. सोयरा बघणं कधी थांबवत नाही. घरातली परिस्थिती पालटली, समजा कोणी वारलं, कारभार दुसऱ्याकडे गेला, तर तो स्वतःच ओळखतो. घडलेलं ताजं आणि मोठं असलं तर लगेच. तुम्हाला एक बटणसुद्धा दाबावं लागत नाही."

"आणि तो काढून टाकला तर?"

"कुलपं होती तशीच राहतात. चोरांनी तोडफोड केली तर दार उघडायला नको ना!"

तिनं फोन ठेवला. त्या संध्याकाळी रणजितनं तिला विचारलं, "कंपनीला फोन कशाला केलास?" सोयऱ्यानं नवा मालक करण्याबद्दल चौकशी आल्याचं त्याला इमानेइतबारे कळवलं होतं.

तो उठला. आधी जाऊन त्यानं खिडक्या लावल्या, टीव्हीचा आवाज वाढवला, मग तिच्याकडे वळला. पट्टा त्यानं कमरेचा काढला नव्हता, कपाटातून मुद्दाम आणला होता. अण्णा त्यांच्या खोलीतून ओरडत होते, "रणज्या, सोड तिला! सोड म्हणतो ना!" त्यांच्या खोलीचं दार बंद होतं.

पुढच्या वेळी त्याचा आवाज चढला आणि खिडक्या आपोआप लागल्या. टीव्ही आपोआप मोठा झाला. रणजित स्वतःही क्षणभर चकित होऊन बघत राहिला. मालकाची सवय लक्षात ठेवून न सांगता काम करायचं, हा सोयऱ्याचा मोठाच गुण होता. त्यानंतर वृषालीला रणजितच्या तोंडाकडे बघायची गरज उरली नाही. खिडक्यांच्या काचा सरकायला लागल्या की तिची पाठ आखडायची. तिचा श्वास थांबायचा, आणि भिंतीवरची चकती तो थांबलेला श्वास मोजून रणजितच्या नावावर मान म्हणून चढवायची. तो मारेल तितका मालक म्हणून पक्का होत होता.

तिला हे कळत होतं. गोठ्यात खाली मान घालून गप उभं असलेलं जनावर शांत आहे की भ्यालेलं, हे ती कातडीवर हात ठेवून सांगायची. घाबरलेल्या जनावराची कातडी थरथरते. सोयरा कातडीला हात लावत नव्हता.

"पोरी, तू जा," अण्णा एकदा तिला म्हणाले. रणजित शोरूमला गेला होता. "कामाला म्हणून बाहेर पड आणि परत येऊ नकोस."

"आणि तुम्ही?"

"माझं काय राहिलंय?"

"तुम्हाला आंघोळ कोण घालणार? तो?"

तिला तेव्हा वाटलं, आपण अण्णांसाठी थांबलोय. नंतर पुष्कळ दिवसांनी तिनं स्वतःशी कबूल केलं की ते अर्धंच खरं होतं. जायचं कसं, हेच ती विसरली होती.

पुढे एका दुपारी ती कोथळी गावात एका बैलाच्या पायाची जखम धुऊन येत होती. बैल माजलेला, चौघांना आवरत नव्हता. शेवटी तिनं त्याच्या नाकात लोखंडी चिमटा अडकवला. ह्या चिमट्याच्या दोन्ही टोकांना गोळ्या असतात. नाकपुड्यांमधल्या मऊ पडद्यावर त्या आवळल्या की हत्तीएवढा बैलही जागेवर थिजतो. काम झाल्यावर चिमटा पुसून तिनं पिशवीत टाकला, गाडी काढली.

फाटकापाशी ती उतरली तेव्हा दिवाणखान्याच्या खिडक्या सरकत होत्या. आत टीव्ही मोठा होत गेला.

पण ती तर इथे बाहेर होती.

ती धावली. आत येणाऱ्याला सोयरा अडवत नसे, दार उघडलं आणि तिच्यामागं लागलं. चकती भिंतीवरून अर्धी निखळून वायरला लोंबत होती. अण्णा जमिनीवर पडले होते. कपाळाच्या कडेला फुटलं होतं, पांढऱ्या बनियनवर रक्त उतरलं होतं. रणजितच्या हातात अण्णांचीच काठी होती.

"वायर ओढतोय म्हातारा!" तो धापा टाकत म्हणाला, जसं काही ती त्याची बाजू घ्यायला आली होती. "माझ्या घरात मलाच..." आणि त्यानं काठी परत घातली. अण्णांनी लुळा हात वर करायचा प्रयत्न केला, हात आला नाही. काठी बरगडीवर बसली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

वृषाली अण्णांवर आडवी पडली. पुढचा फटका तिच्या पाठीवर आला, त्याच्या पुढचा मानेवर. मग रणजितनं तिला केसांना धरून ओढलं आणि टीपॉयच्या कडेवर तिचं तोंड आपटलं. दात ओठात घुसला. डोळ्यांपुढे पिवळं पिवळं झालं. तो तिच्यावर वाकून काहीतरी ओरडत होता, त्याचा चेहरा अगदी जवळ आला होता. टीव्हीमुळे तिला एक शब्द ऐकू येत नव्हता.

तिचा हात पिशवीत गेला होता. काय शोधतोय हे हातालाच माहीत होतं.

चिमटा त्याच्या नाकात बसला तेव्हा तो ओरडलाही नाही. तोंड नुसतं उघडं राहिलं. तिनं मूठ आवळली. काठी त्याच्या हातून पडली. दुसऱ्याच क्षणी त्यानं तिच्या पोटात गुडघा घातला, ती कळवळली, पण मूठ सुटली नाही. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती, आणि माजलेल्या जनावराच्या धडपडीला घाबरून मूठ सोडायची नसते हे ती त्याच्याही आधी शिकली होती. तिनं मनगट पिळलं. रणजित गुडघ्यांवर आला. रक्त तिच्या बोटांवरून कोपरापर्यंत ओघळलं.

"सोयरा!" ती किंचाळली. "दार उघड! ॲम्ब्युलन्स बोलव!"

लोंबणाऱ्या चकतीचा दिवा लुकलुकला. टीव्ही नम्रपणे बारीक झाला. "रणजितरावांना विचारतो. रणजितराव, दार उघडू?"

"सांग त्याला!" तिनं हात हिसडला.

"उघड!" रणजित ओरडला. "उघड, उघड रे!" पण नाक आवळलेलं, घशात रक्त उतरलेलं. तो आवाज त्याचा राहिलाच नव्हता.

"आवाज ओळखू आला नाही," सोयरा म्हणाला. "रणजितराव, दार उघडू?"

रणजित गळ्यातून घुसमटत तेच ओरडत राहिला आणि सोयरा तेच विचारत राहिला. अंगावरून परतणाऱ्या लहरींनी त्यानं मालकाला ओळखलं होतं, पण हुकूम घ्यायला त्याला आवाज लागत होता. चिमटा सोडला तर आवाज येईल आणि रणजितही सुटेल. अण्णांच्या घशातून घरघर येत होती. त्यांचा एक डोळा मिटला होता.

फोनवरच्या त्या उत्साही मुलाचं बोलणं वृषालीला आठवलं. ताजं आणि मोठं असलं तर लगेच.

"हात मागे घे," ती रणजितला म्हणाली.

त्यानं तिच्या मनगटाकडे हात नेला. तिनं पिळलं. हात मागे गेले.

"ऊठ."

तो उठला.

"बस खाली."

तो बसला.

"परत ऊठ. माझ्याकडे बघ. खाली बघ. बस." आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला 'अरे-तुरे' करत होती, आणि तिचा आवाज चढलेला नव्हता. गोठ्यात ती असाच खालच्या पट्टीत बोलायची. प्रत्येक शब्दाला रणजितचा श्वास अडकत होता. त्याचे डोळे तिच्या ओठांवर खिळले होते, पुढचा शब्द कोणता येतो ह्याची वाट बघत. "अण्णा, डोळे उघडे ठेवा. झोपायचं नाही." अण्णांनी डोळा उघडला. "नाव सांग तुझं," ती रणजितला म्हणाली. त्यानं सांगितलं. "मोठ्यांदा." त्यानं मोठ्यांदा सांगितलं. "परत." तो रडायला लागला आणि रडत रडत त्यानं परत सांगितलं.

दिवा लाल झाला, विझला, मग हिरवा झाला.

"वृषालीताई," सोयरा गोड आवाजात म्हणाला, "आजपासून हे घर तुमच्या सांगण्याप्रमाणे चालेल."

"दार उघड. ॲम्ब्युलन्स."

कुलूप खटकन निघालं. दुपारचं ऊन आत आलं. ॲम्ब्युलन्सवाल्यांना सोयरा पत्ता सांगताना तिला ऐकू आला. रणजित गुडघ्यांवर होता, हात पाठीमागे, तिनं सांगितलं होतं तसेच. आता चिमटा सोडायला हवा होता.

तिनं तो आणखी एकदा पिळला. सगळ्या जोरानिशी. आत काहीतरी कचकन तुटलं आणि रणजित तोंडावर पडला.

ते कशासाठी केलं, हे तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर होतं. बरं वाटलं म्हणून.

ती वळली. अण्णा तिच्याकडे बघत होते. त्यांनी श्वास रोखून धरला होता.

"वृषाली," ते अगदी हळू म्हणाले, "मी... जरा कुशीवर वळू का?"

सांगलीच्या दवाखान्यात अण्णांच्या डोक्याला टाके पडले, बरगड्या बांधल्या. रणजितच्या नाकावर शस्त्रक्रिया झाली. पोलीस ठाण्यातून आलेल्या बाईंनी त्याला जबाब विचारला तेव्हा त्यानं आधी वृषालीकडे बघितलं, बोलू का म्हणून. तिच्या छातीत काहीतरी उबदार पसरलं. ती ताबडतोब उठून बाहेर गेली आणि नळाखाली तोंड धरून उभी राहिली. पाणी ओठातल्या टाक्यांना झोंबत होतं. ते झोंबणं तिला हवं होतं.

दोन खटले उभे राहिले. त्याचा तिच्यावर आणि तिचा त्याच्यावर. पोलिसांनी सोयऱ्याची नोंद मागवली, कंपनीनं ती हसतमुखानं दिली. त्यात मारहाण हा शब्द कुठेच नव्हता. महिनोन्‌महिने घरातलं लक्ष उत्तम, सहकार्य उत्तम, एवढंच. वृषालीनं न्यायालयात खरं ते सांगितलं. शेवटचा पीळ दार उघडल्यानंतरचा होता, हेही सांगितलं. तिच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

ती अण्णांना घेऊन दूध संघाच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. दोन खोल्या, भिंतीवर काही नाही, दाराला साधी कडी. पण अण्णा बदलले होते. "वृषाली, चहा घेऊ का?" "वृषाली, टीव्ही लावला तर चालेल?" ती म्हणायची, "अण्णा, विचारता काय?" तर ते घाईघाईनं म्हणायचे, "नाही नाही, बरं," आणि टीव्ही लावायचेच नाहीत. ती खोलीत आली की त्यांचा डावा हात मांडीवरच्या धोतराचा बोळा करायचा. तिनं ताट पुढे ठेवलं की भूक असो नसो, ते संपवायचे. तिनं आवाज बारीक करून बघितला, पाठ करून बोलून बघितलं, रडूनही बघितलं. एकदा तिच्या हातून पातेलं निसटून पडलं तर अण्णांनी डोकं दोन्ही गुडघ्यांत घातलं. एक हात लुळा असताना माणूस डोकं कसं झाकतो, ते तिनं बघितलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

घराबाहेर मात्र ती नेहमीसारखी होती. जनावरं तिला हात लावू देत होती.

हिवाळा सरत आला तेव्हाची एक सकाळ. रविवार होता, भारताची कसोटी चालू होती. तिनं बंबात पाणी तापवलं, टॉवेल खांद्यावर घेतला आणि दारातून म्हणाली, "अण्णा, चला आंघोळीला."

अण्णा तिनंच लावून दिलेल्या टीव्हीसमोर पुढे झुकून बसले होते. नवव्या गड्यानं बॅट हवेत फिरवली, चेंडू सीमेवर उंच गेला, क्षेत्ररक्षक त्याखाली धावत होता.

"अण्णा, पाणी गार होतंय."

"होऊ दे गार!" अण्णा तिच्याकडे न बघता खेकसले. "दिसत नाही का तुला, कॅच चाललीय! आज नाही मी आंघोळ करत, जा."

बोलून गेल्यावर ते दचकले. मान हळूहळू वळली. डावा हात धोतराकडे गेला.

वृषाली दारात टॉवेल घेऊन उभी होती. आवाज फुटला असता तर त्यांना तो रागाचा वाटला असता, म्हणून ती काहीच बोलली नाही. ती आत आली, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि टीव्हीकडे बघून म्हणाली, "सुटली की घेतली?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांचा हात धोतरावरून उठला आणि पडद्याकडे बोट झालं.

"सुटली," ते म्हणाले. "हात लोण्याचे आहेत मेल्याचे. आणि तू जरा बाजूला सरक, मला दिसत नाहीये."

ती बाजूला सरकली.